एक आजार म्हणजे किती दिवस?

इस्पितळातून घरी सोडलेला रुग्ण महिनाभरात पुन्हा खाटेवर आला, तर ते नवे आजारपण की जुन्याचेच उरलेले? उपचारांच्या खर्चावरून होणारे बरेचसे वाद याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. गोव्यात हा प्रश्न तसा उशिराच आला. म्हापशाचे आझिलो, मडगावचे हॉस्पिसियो या इस्पितळांच्या नावांतच आसरा हा अर्थ आहे. 1842 च्या वैद्यकीय शाळेचा वारसा बांबोळीच्या सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत आला. तिथेही सर्वसाधारण वॉर्डातल्या गोमंतकीयाला खाटेच्या दिवसांचा हिशेब द्यावा लागला नाही.

दिवस मोजणे आले ते विम्याबरोबर. 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम हा आरोग्य विमा आणला. त्यात दाव्यासाठी किमान 24 तास दाखल असण्याची अट होती. अटीमागचा हेतू समजण्यासारखा आहे, पण तिच्यामुळे खाट हीच पैसे मिळण्याची किल्ली ठरली. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रिया काही तासांत उरकू लागल्यावर त्यांच्यासाठी डे-केअरची, म्हणजे 24 तास न राहताही दावा मिळणाऱ्या उपचारांची, वेगळी यादी करावी लागली.

खरा गुंता आहे तो ‘एकच आजार’ या शब्दप्रयोगात. विमा नियामकाने 2013 मध्ये आरोग्य विम्याच्या व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या केल्या. तेव्हापासून पॉलिसीच्या पुस्तिकेत हे वाक्य ठरलेले असते: जिथे उपचार घेतले त्या इस्पितळातल्या शेवटच्या तपासणीपासून 45 दिवसांत आजार उलटला, तर तो पहिलाच आजार धरायचा. इथे मोजणी डिस्चार्जपासून होत नाही, शेवटच्या तपासणीपासून होते. हा फरक फार थोड्यांच्या लक्षात येतो.

समजा, वाळपईच्या एका आजोबांना हृदय कमकुवत झाल्यामुळे खासगी इस्पितळात ठेवले आणि घरी सोडले. विसाव्या दिवशी ते तिथेच दाखवून आले. पन्नासाव्या दिवशी धाप लागली आणि पुन्हा दाखल झाले. इस्पितळाच्या नोंदवहीत हा नवा केस नंबर. विम्याच्या लेखी तपासणीला तीसच दिवस झालेले, म्हणून जुनाच आजार. ज्या पॉलिसीत आजारागणिक खर्चाची मर्यादा घातलेली असते, तिथे आजोबांना पहिल्या वेळी उरलेल्या रकमेतच भागवावे लागते. म्हणजे सांगितल्या तारखेला नेमाने तपासणीला गेलेल्या माणसाची मुदतच पुढे सरकते. मला हे अन्यायाचे वाटते.

अमेरिकेत ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने हीच गोष्ट तिसऱ्या मापाने मोजली: डिस्चार्जपासून 30 दिवस. त्याआधी 1983 मध्ये तिथे निदानागणिक ठरावीक रक्कम देणे सुरू झाले होते. रुग्णाला लवकर घरी सोडण्यात इस्पितळाचा फायदा होऊ लागला आणि राहण्याचे दिवस घटले. पुढे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, या विम्याखालचे जवळजवळ पाचातले एक ज्येष्ठ तीस दिवसांत परत दाखल होतात. ऑक्टोबर 2012 पासून हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणे आणि न्यूमोनिया या तीन आजारांत फेरदाखल जास्त असलेल्या इस्पितळांना दंड सुरू झाला. कमाल दंड आधी 1 टक्का होता, तो तिसऱ्या वर्षी 3 टक्क्यांवर गेला. गरीब वस्तीतली इस्पितळे त्यात जास्त भरडली गेली, म्हणून नंतर तुलना सारख्या स्थितीतल्या इस्पितळांमध्ये होऊ लागली.

गोव्यात 2016 मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख, आणि प्रत्येक उपचाराला ठरलेल्या रकमेचे पॅकेज. पॅकेजमध्ये जास्तीचा दिवस इस्पितळाच्या अंगावर पडतो. मात्र खाटेचा शेवटचा दिवस फारसा महाग नसतो. पैसा जातो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, शस्त्रक्रिया, तपासण्या आणि अतिदक्षता विभागात. रुग्णाला एक दिवस आधी सोडून थोडेच वाचते, आणि तो परत आला तर ते महागडे पहिले दिवस पुन्हा भरावे लागतात.

1 जानेवारी 2018 पासून बांबोळीत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले. खाटा गोमंतकीयांना पुरत नाहीत, अशी बाजू त्यासाठी मांडली गेली. दोडामार्ग, सावंतवाडीकडच्यांना बांबोळी त्यांच्या जिल्ह्याच्या गावापेक्षा जवळ वाटते. त्यांच्यासाठी परत दाखल होण्याला तेव्हापासून किंमत आली. पैसे मोजावे लागणार म्हटल्यावर माणूस दुखणे अंगावर काढतो, हे कोणत्याही घरात पाहायला मिळते.

2011 च्या जनगणनेत गोव्यातले 11.2 टक्के लोक साठी ओलांडलेले होते. केरळनंतर हे प्रमाण देशात सर्वांत जास्त. यातल्या कितीतरी जणांची मुले आखातात किंवा जहाजावर असतात. घरी परतल्यावर गोळ्या वेळेवर देणारे, पायावरची सूज पाहणारे कुणी नसते. 2018 मध्ये आलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतल्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरची 15 दिवसांची औषधे धरलेली आहेत. हृदयाच्या गोळ्या आयुष्यभराच्या असतात. सोळाव्या दिवसापासून त्या नियमित मिळतात का आणि घेतल्या जातात का, याची नोंद पॅकेजच्या हिशेबात कुठेच येत नाही.