दुसऱ्यांची गाणी, निवड आपली: ज्येष्ठ गायकांच्या कव्हर अल्बममागचा इतिहास

27 जून, 31 जुलै, 4 ऑगस्ट. या तारखा जवळ आल्या की नागपुरातल्या गाण्याच्या ग्रुपांची सभागृहासाठी धावपळ सुरू होते. पहिली आर. डी. बर्मन यांची जयंती, दुसरी मोहम्मद रफींची पुण्यतिथी, तिसरी किशोरकुमारांची जयंती. सिव्हिल लाइन्सचं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह असो, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह असो की लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, पत्रिकेवर गायकांच्या नावांआधी कार्यक्रमाचा विषय ठळक छापलेला असतो. पावसाची गाणी, एकाच संगीतकाराची गाणी, फक्त युगुलगीतं. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. मात्र एखादा नावाजलेला पॉप गायक साठी-सत्तरीत एक विषय धरून इतरांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम, म्हणजे कव्हर अल्बम, काढतो, तेव्हा ‘आता याला नवं काही सुचत नाही वाटतं’ असं म्हणणारे याच सभागृहांच्या पायऱ्यांवर भेटतात. मला हे पटत नाही. कोणती गाणी घ्यायची, कोणती सोडायची आणि ती कोणत्या क्रमाने लावायची, यात गायकाची सगळी आवडनिवड आणि सगळं शिक्षण उघडं पडतं. अशा अल्बमांचा इतिहास पाहिला की हे नीट कळतं.

सुरुवात तबकडीच्या आकारापासून करावी लागते. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात एक गाणं संपायचं, विषय वगैरे धरायला जागाच नव्हती. 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. मग प्रश्न आला, या वीस मिनिटांत गाणी एकामागून एक नुसती ओतायची की त्यांना एका धाग्यात ओवायचं? अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रांनी 1955 मध्ये उत्तर दिलं. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या, प्रेमात हरलेल्या माणसाच्या मनःस्थितीची गाणी त्यांनी एका तबकडीवर जमवली. त्यांतली बरीच आधी इतरांनी गाऊन झालेली, नाटका-चित्रपटांतून लोकांच्या ओठांवर बसलेली होती. 1956 पासून एला फिट्झजेराल्ड यांनी दुसरी वाट धरली: एक तबकडी संच, एक रचनाकार. कोल पोर्टरपासून सुरू झालेली ती मालिका 1964 पर्यंत चालली आणि तिचा शेवटचा भाग जॉनी मर्सर या गीतकाराच्या नावावर निघाला. गायिकेच्या तबकडीवर गीतकाराचं नाव ठळक यावं, हे मला या सगळ्या प्रवासातलं फार मोलाचं पाऊल वाटतं.

या दोघांच्या मागे एक माणूस सारखा दिसतो, नेल्सन रिडल. सिनात्रांच्या 1955 च्या त्या अल्बमचं वाद्यवृंद संयोजन त्यांचं आणि एलांच्या मालिकेतले गर्श्विन, कर्न आणि मर्सर हे भागही त्यांचेच. पुढे रॉकचा जमाना आला. गायकाने स्वतःच लिहिलेलं गायचं, अशी नवी प्रतिष्ठा तयार झाली आणि रिडल यांच्यासारख्यांना काम कमी पडू लागलं. अशा काळात, 1983 मध्ये, रॉक आणि कंट्री संगीतात नाव कमावलेली लिंडा रॉनस्टॅट त्यांच्याकडे गेली आणि तिच्या आईवडिलांच्या पिढीची गाणी पूर्ण वाद्यवृंदासह गायली. तेव्हा ती 37 वर्षांची होती. चाहत्यांना हे कितपत रुचेल, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. अल्बम धडाक्यात खपला. 1985 मध्ये रिडल वारले, तोवर दोघांनी मिळून तीन अल्बमांचं काम केलं होतं. त्यानंतर 1987 मध्ये लिंडाने मेक्सिकन वंशाच्या आपल्या वडिलांच्या घरात गायली जाणारी स्पॅनिश गाणी काढली. विषय धरून दुसऱ्यांची गाणी गाणं म्हणजे आपलं घराणं सांगणं, हे तिच्याइतकं स्पष्ट क्वचितच कोणी दाखवलं असेल.

पुढचा भाग बराचसा व्यापाराचा आहे, तो थोडक्यात सांगतो. 2002 पासून रॉड स्टुअर्ट यांनी जुन्या अमेरिकन गीतांचे एकापाठोपाठ एक खंड काढले. 2004 चा तिसरा खंड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याला ग्रॅमीही मिळाला. 2006 मध्ये बॅरी मॅनिलो यांनी पन्नासच्या दशकातली गाणी गायली आणि तोही अल्बम पहिल्या क्रमांकावर आला. मग साठचं दशक, सत्तरचं, ऐंशीचं, अशी रांग लागली. या दोन्ही उद्योगांमागे रेकॉर्ड कंपनी चालवणारे निर्माते क्लाइव्ह डेव्हिस हे एकच नाव होतं. त्यांनी ओळखलं की सीडी विकत घेणारा श्रोता आता प्रौढ झालाय आणि त्याला ओळखीची गाणी ओळखीच्या आवाजात हवी आहेत. ही रांग लांबली तशी निवडीतली धार कमी होत गेली, असं माझं मत आहे.

आपल्याकडे या प्रकाराला जी उणी नजर लागली तिचं कारण वेगळं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती. मूळ ध्वनिमुद्रण निघून दोन वर्षं झाली की सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या आवाजात मुद्रित करता येई. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी या वाटेने जुन्या गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटी बाजारात ओतल्या. मूळ मुद्रणाचे हक्क एचएमव्हीकडे, पण जुनी गाणी ती कंपनी भरपूर आणि परवडतील अशी पुरवत नव्हती. सीताबर्डीच्या दुकानांत काय किंवा बसस्टँडच्या टपरीवर काय, गिऱ्हाईक वेष्टनावरचा रफी-किशोरचा फोटो बघून कॅसेट घेई आणि घरी टेपमध्ये घातल्यावर आवाज भलत्याचाच निघे. नवख्या गायकांना त्यातून काम मिळालं, पुढे काहींचं मोठं नावही झालं. पण ‘कव्हर म्हणजे नक्कल’ ही समजूत तेव्हाच पक्की झाली. 2012 च्या दुरुस्तीने दोन वर्षांची मुदत पाच वर्षांवर नेली, मूळ गायकाचं नाव वा चित्र वापरून फसगत होईल असं वेष्टन करायला मनाई केली आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरणं बंधनकारक केलं.

याच व्हर्जन कॅसेटींच्या गर्दीत, नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत, लता मंगेशकरांचा ‘श्रद्धांजली’ आला. सैगल, पंकज मलिक, काननदेवी, जोहराबाई, अमीरबाई, पारुल घोष, गीता दत्त, रफी, मुकेश, हेमंतकुमार, किशोरकुमार. बाईंनी यांची गाणी स्वतःच्या आवाजात गायली. इथे नकलेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कोणालाही विचारा, पुरुषाचं गाणं बाईच्या पट्टीत नेलं की नुसता स्केल बदलून भागत नाही. सैगल यांचा आवाज ज्या खर्जात जाऊन विसावतो ती जागा बाईच्या पट्टीत वर सरकते, तिथला भारदस्तपणा निघून जातो आणि त्या जागी दुसरं काहीतरी आणावं लागतं. शब्द कुठे सोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, सगळं नव्याने ठरवावं लागतं. लताबाईंनी सैगल यांना मनोमन गुरू मानलं होतं, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. तो अल्बम ऐकताना त्या कोणाकडून काय शिकल्या, याची यादीच आपल्यापुढे उलगडत जाते.

आशाबाईंचं 2005 हे वर्ष तर या दृष्टीने थक्क करणारं आहे. 8 सप्टेंबरला त्या 72 वर्षांच्या झाल्या. त्या वर्षी त्यांचे असे दोन अल्बम आले. एकात मेहदी हसन, गुलाम अली, फरीदा खानम आणि जगजितसिंग यांच्या आठ गझला. दुसऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचासोबत पंचमदांची, म्हणजे आर. डी. बर्मन यांची गाणी, तबल्यावर झाकीर हुसेन. दुसऱ्यातली बरीच गाणी आधी त्यांनीच गायलेली होती. तिथे स्वतःच्याच जुन्या आवाजासमोर त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं. ‘मेरा कुछ सामान’ घ्या. ‘इजाजत’मधल्या या गाण्यासाठी त्यांना आणि गुलजारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ओळीला ओळ जुळत नाही, यमक नाही, बोलता बोलता गावं तसं ते गाणं. सत्तरीनंतरच्या आवाजात ते बोलणं आणखी जवळचं वाटतं आणि चार तंतुवाद्यं त्याच्याभोवती जागा मोकळी ठेवतात. या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

गझलांचा अल्बम विदर्भात रुजायला तर जमीन तयारच होती. अमरावतीत जन्मलेले सुरेश भट 2003 मध्ये नागपुरात वारले. त्यांच्या गझला आणि गीतं आशाबाईंच्या आवाजात आपण ऐकत आलो होतो. शिवाय जुन्या मध्य प्रांताची राजधानी राहिलेलं हे शहर, इथे हिंदी-उर्दू कानाला परकी नाही. निवेदन मराठीत आणि गाणी हिंदीत, ही आपल्या कार्यक्रमांची जुनी रीत आहे.

आज नागपुरात वादकांच्या संचाची जागा बऱ्याच ठिकाणी कराओके ट्रॅकने घेतली आहे. बँकेतले, शाळेतले, महावितरणमधले लोक निवृत्तीनंतर तालीम करून मंचावर उभे राहतात. या मंडळींकडे माझी एकच मागणी आहे. निवेदकाने मूळ गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकार यांची नावं प्रत्येक गाण्याआधी घ्यावीत आणि हेच गाणं या कार्यक्रमात का, ते दोन वाक्यांत सांगावं. कायद्यानेही हौशी मंडळींना सूट दिली आहे. हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या संगीत रचनेच्या सादरीकरणाने कॉपीराइटचा भंग होत नाही. तिकीट लावलं की मात्र रचनाकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएसचा परवाना घ्यावा लागतो आणि ते पैसे ज्यांनी गाणं लिहिलं, ज्यांनी चाल लावली त्यांच्याकडे वळतात.