कुत्र्याच्या अंगावरचा गुंतवळ

साताऱ्यात जनावरांच्या कुठल्याही दवाखान्यात थोडा वेळ बसलात, तर गोचीड तापाने मान टाकलेलं एखादं पॉमेरियन दिसतंच. सलाईन, डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स, चमच्याने भरवलेला दहीभात. मग ते सावरतं, शेपूट हलवायला लागतं आणि घरच्यांचं लक्ष जातं ते कानामागच्या, काखेतल्या, मांड्यांच्या आतल्या केसांच्या गोळ्यांकडे. यावर सगळी आळी एकच सल्ला देते: “कढत पाण्यानं आंघोळ घाला, शॅम्पू लावला की सुटतंय सगळं.” हा सल्ला नेमका उलटा आहे. का, ते समजायला केस जवळून पाहावा लागतो.

केस म्हणजे मेलेल्या पेशींचा, केराटिन या प्रथिनाने भरलेला धागा. त्याचा पृष्ठभाग दिसतो गुळगुळीत, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर एकावर एक चढलेले पातळ खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा सगळ्या टोकाकडे तोंड करून असतात. डोक्यावरचा एक लांब केस दोन बोटांत धरून बोटं मुळाकडून टोकाकडे फिरवा, सुळकन जातात. उलटी फिरवा, केस किंचित खरखरतो. गव्हाची ओंबी सदऱ्याच्या बाहीत सरकवून हात हलवत बसलेल्या पोरांना हे भौतिकशास्त्र ठाऊक असतं. ओंबी वर वर चढत जाते, खाली कधीच येत नाही, कारण तिची कुसळं एकाच दिशेला सरकू देतात.

आता खरी गंमत. दोन केस शेजारी ठेवा, दोघांची मुळं एकाच बाजूला. कुठलाही पुढे-मागे हलवला तरी खवल्याच्या कडेला समोरून दुसरी कड भिडत नाही, कारण दोन्हीकडच्या कडा एकाच दिशेला पाहतात. त्यातला एक केस फिरवून उलटा ठेवा. आता एका बाजूला हलवलं तर कडा एकमेकींना तोंडावर अडतात, दुसऱ्या बाजूला हलवलं तर निमूट घसरतात. म्हणजे प्रत्येक केस फक्त स्वतःच्या मुळाच्या दिशेने सरकू शकतो. थोडं घासलं की थोडा सरकला, परत यायची सोय नाही. वाटेत दुसऱ्या केसांचे वेटोळे असतील तर त्यांतून मुळाकडचं टोक आत शिरतं, मागचा केस ओढला जातो आणि वेटोळं आवळतं. गुंता आपोआप सुटत नाही पण आपोआप घट्ट होतो, त्याचं कारण हे. चालताना काख घासली, कुशीवर लोळलं, पट्टा सरकला, प्रत्येक वेळी गाठ एक घर पुढे.

अंगात रुजलेला केस मात्र उलटा होऊ शकत नाही, त्याचं मूळ त्वचेत असतं. उलटा होतो तो गळून तिथेच अडकलेला केस. आपल्याकडे बायका विंचरल्यावर निघालेला गुंतवळ साठवून केसांवर भांडी देणाऱ्या बाईला घालायच्या. त्या गुंतवळात मुळं-टोकं वाटेल तशी मिसळलेली असतात. म्हणूनच मुळं एका बाजूला राखून कापलेल्या केसांना धंद्यात जास्त भाव आणि मिसळीच्या केसांवर रसायनं घालून खवले उतरवण्याची मेहनत. कुत्र्याच्या अंगावरचा गोळा म्हणजे असाच गुंतवळ, फक्त अंगातल्या केसांना धरून बसलेला.

मग आजारातच तो इतका का वाढतो? केसांच्या मुळांचं एक चक्र असतं: वाढ, मग विश्रांती, मग गळणं. जोराचा ताप, उपासमार, मोठं ऑपरेशन अशा धक्क्यानंतर बरीच मुळं एकदमच विश्रांतीत जातात. केस तयार करायला भरपूर प्रथिन लागतं, त्यातही गंधक असलेली अमिनो आम्लं, आणि संकटात शरीर या खर्चाला आधी कात्री लावतं. हे केस लगेच पडत नाहीत, महिना ते तीन महिन्यांनी पडतात. म्हणून कुत्रं चांगलं खायला लागल्यावर मालक घाबरतो: आता का गळतंय? त्यातच पॉमेरियनला बाहेरच्या राठ केसांखाली दाट लोकरीसारखा थर असतो. गळलेला केस त्यात अडकून राहतो, आजारपणात ब्रश कोणी फिरवलेला नसतो. जत-आटपाडीकडच्या कारवानी कुत्र्याला ही भानगडच नाही, त्याचे केस आखूड, गळले की थेट जमिनीवर.

आता पाणी. ओला केस जाडीला साधारण १५ टक्के फुगतो, लांबीला जेमतेम १ ते २ टक्के. गाठीतला प्रत्येक धागा जाड झाला की गाठ आतून दाबली जाते. शिवाय केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध पाण्यात सुटतात, धागा लवचीक होऊन पिळात सहज वळतो, आणि वाळताना ते बंध त्याच वाकड्या आकारात पुन्हा जुळतात. साबणाचं पाणी अल्कधर्मी असेल तर खवले आणखी उभे राहतात. आपल्या भागात मेंढीच्या लोकरीपासून जेन बनवतात ते याच तत्त्वावर: लोकर पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळून तुडवायचं. माग नाही, विणकाम नाही, तरी जाडजूड आसन तयार. गुंता झालेल्या कुत्र्याला चोळून आंघोळ घालणं म्हणजे त्याच्या अंगावर जेन करणं.

माणसाच्या डोक्यात हेच झालं की त्याला जट म्हणतात. लांब आजारपण, बाळंतपण, केसांची आबाळ, आणि मग कोणीतरी ठरवतं की देवीचं बोलावणं आलं. ती कापली तर कोप होईल या भीतीने बायका वर्षानुवर्षं मानेवर ते ओझं वागवतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांना समजावून जट सोडवत आले आहेत. पॉमेरियनच्या कानामागे तीच जट झाली तर त्याच्या हाती परडी कोणी देत नाही. खवले दोघांचे सारखेच.

तर सोडवायचं कोरडं असतानाच. कॉर्नफ्लॉवर बोटांनी गोळ्यात मुरवा, ते ओल शोषतं आणि घर्षण कमी करतं. गोळ्याचं बूड त्वचेजवळ चिमटीत पक्कं धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि धातूच्या कंगव्याने टोकाकडून थोडं थोडं मोकळं करत बुडाकडे या. न धुता राहणारा कंडिशनरचा फवारा चालतो. त्यातले धनभारित रेणू केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटून खवल्यांवर थर धरतात. ‘केसांना पोषण’ ही मात्र जाहिरात, मेलेल्या धाग्याला कुणी जेवू घालू शकत नाही. रॉकेल तर अजिबात नको, ते कातडी जाळतं आणि चाटलं तर विष. कात्रीही नको: गोळ्यात कातडी वर ओढलेली असते आणि कुत्र्याची बाह्यत्वचा आपल्यापेक्षा बरीच पातळ. एका बैठकीत एखाददुसरा गोळा पुरे, दमलेलं जनावर आहे. आधी काखा आणि जांघा, पाठीवरचं थांबू शकतं.

गोचीड तापाची आणखी एक अट आहे. या आजारात रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात आणि जरा ओढाताण झाली तरी कातडीखाली रक्त साकळतं. त्यामुळे प्लेटलेट्स सुधारल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत कातडीला चिकटलेल्या गोळ्याला हात लावू नये. गोळ्याखालून वास येत असेल, ओल लागत असेल, पावसात माशा घोंगावत असतील तर मात्र लगेच दवाखाना, आत अळ्या असू शकतात. कानाच्या पाळीवरचा घट्ट गोळा तर डॉक्टरांनीच काढावा. दाब एकदम सुटला आणि कुत्र्याने कान झटकले की पाळीत रक्ताचा फुगा होतो.

सगळं अंगच एकसंध झालं असेल तर मशीनने उतरवण्यावाचून इलाज नाही, तेही पातं गरम होतंय का हे मधून मधून बघत. पण दोन गोळ्यांसाठी सरसकट “उडवून टाका” म्हणू नका. पॉमेरियनसारख्या दाट केसांच्या जातींत कातरलेला भाग कधी महिनोन्महिने, कधी वर्षभर तसाच उघडा राहतो, कारण तिथली बरीच मुळं विश्रांतीतच असतात.