शिक्षक-उपस्थिती (ऑनलाइन अभ्यासक्रमांतील)

ऑनलाइन अभ्यासक्रम शिकताना 'शिकवणाऱ्याचे आपल्याकडे लक्ष आहे' असे विद्यार्थ्याला वाटत राहणे, याला शिक्षक-उपस्थिती म्हणतात. कॅमेरा सुरू असण्याशी तिचा संबंध समजला जातो तेवढा नाही. अंतर म्हणजे केवळ किलोमीटर नव्हेत, संवाद कमी पडला की अंतर वाढते, हे शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी दूरशिक्षणाच्या संदर्भात मांडले होते. पुढे 2000 साली कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी आपल्या आराखड्यात अध्यापकीय, सामाजिक (एकमेकांशी जोडले जाणे) व बोधात्मक (विचार करून अर्थ लावणे) अशा तीन उपस्थिती सांगितल्या. यांपैकी अध्यापकीय, म्हणजे शिक्षकाच्या वाट्याच्या उपस्थितीत अभ्यासक्रमाची आखणी, चर्चेला वळण देणे आणि प्रत्यक्ष शिकवणे ही तिन्ही कामे येतात. यांतली आखणी कोणाच्या नजरेत भरत नाही, पण ती फसली की पुढचे सगळे फसते.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, ही कल्पना नव्या रूपात दिसते. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झाले; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) अशा अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. पडद्यावरचा प्राध्यापक एखाद्या दूरच्या संस्थेतला असतो आणि त्याच्यासमोर देशभरचे हजारो विद्यार्थी असतात. अशा वेळी मुलांचे खरे 'सर' किंवा 'मॅडम' हे त्यांच्याच महाविद्यालयातले या अभ्यासक्रमांचे समन्वयक ठरतात. फॉर्म भरून घेणे एवढेच त्यांचे काम समजणे ही मोठी चूक आहे.

धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत अनेक पाड्यांवर रेंज धड मिळत नाही. तिथे थेट तासापेक्षा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज जास्त कामाचा. रेंज आली की उतरवून घ्यायचा आणि हवा तेव्हा ऐकायचा. घरात अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणारा मुलगा प्रमाण मराठीत शंका विचारायला कचरतो. "समजनं का?" असे कोणी विचारले की तो मोकळा होतो. "सगळ्यांना कळलं ना?" या प्रश्नाला मात्र ग्रुपवर 'यस सर'ची रांग लागते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा एक गणित देऊन वहीच्या पानाचा फोटो मागवावा. त्यावर नुसता अंगठा टाकण्याऐवजी "तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह सुटलं, तिथून पुढे करून पाठव" असे त्याच दिवशी कळवले, तर मुलाला आपली वही कोणीतरी वाचली हे समजते. आठवड्याने आलेल्या याच वाक्याचा उपयोग फारसा उरत नाही.

वेळापत्रकातूनही उपस्थिती दिसते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारचा तास ठेवला तर शेतकरी घरातली मुले येणार कुठून? होळीआधीच्या भोंगऱ्या या आदिवासींच्या उत्सवी बाजाराच्या आठवड्यात आदिवासी भागातल्या मुलांना असाइनमेंटची शेवटची तारीख देणे म्हणजे त्यांना आधीच बाद करणे. स्थानिक समन्वयकाला हे सांगावे लागत नाही. पडद्यावरच्या प्राध्यापकाला ते माहीत नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

याची दुसरी बाजू शिक्षकाची. रात्री अकराला आलेल्या शंकेला लगेच उत्तर दिले, की तीच वेळ रूढ होते. शंकांसाठी रोजची ठरावीक वेळ आधी जाहीर करणे दोघांनाही सोयीचे पडते. मोठ्या वर्गात एकाच शंकेचे उत्तर सर्वांसाठी ग्रुपवर टाकल्यास पुनरावृत्तीही टळते.