पॅकेट कोणाचं, हे राउटिंगला कळायला इतकी वर्षं का लागली

व्हीपीएन (सगळा ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा बोगदा) चालू ठेवायचा पण एकच ब्राउझर त्याला वळसा घालून थेट घरच्या वायफायने बाहेर सोडायचा, एवढंच लिनक्सवर करायला बसलं की तासाभरात कळतं, कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) सांभाळणारं खातं वेगळं, पॅकेटची (डेटाच्या तुकड्याची) वाट ठरवणारं राउटिंगचं खातं वेगळं, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नाही.

प्रोसेस ग्रुप, म्हणजे एकत्र हाताळायच्या प्रोसेसचा गट, हा प्रकार मोठा झाला तो टर्मिनलपायी, जिथे कमांड टाइप करतात. ऑस्ट्रियातल्या आयआयएएसए संस्थेत जिम कल्प यांनी सी शेलमध्ये (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आणि कर्नलमध्ये जॉब कंट्रोल, म्हणजे चालू कमांड थांबवायची आणि पुन्हा चालवायची सोय, घातलं, ते १९८० च्या ४बीएसडी या युनिक्समध्ये आलं. पाइप लावून तीन कमांड एका ओळीत सोडल्या आणि कंट्रोल-झेड दाबलं तर तिन्ही एकदम थांबायला हव्यात ना, एक थांबली आणि दोन पळत राहिल्या तर सगळा घोळ, म्हणून तिघींना मिळून एक ग्रुप नंबर आणि सिग्नल द्यायचा तो अख्ख्या ग्रुपला. १९८८ च्या पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणाने त्याच्यावर सेशन, म्हणजे एका लॉगिनमधल्या ग्रुपचा मोठा गट, बसवलं. नेटवर्कचा यात कुठे संबंधच नव्हता.

तिकडे १९८३ च्या ४.२बीएसडीबरोबर टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटची मूळ नियमावली, सगळीकडे पसरलं, आणि तिथल्या राउटिंग टेबलचा (वाटांच्या यादीचा) प्रश्न एकच, कुठे जायचंय? पाठवणारा कोण याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. तेव्हा ते बरोबरही होतं म्हणा, बहुतेक मशीनना बाहेर पडायला वाट असायची एकच. जानेवारी १९९९ ला लिनक्स २.२ आलं त्यात अलेक्सेई कुझ्नेत्सोव यांचं पॉलिसी राउटिंग होतं, म्हणजे एकाऐवजी अनेक टेबलं आणि कुठलं टेबल कधी बघायचं याचे रूल. त्यातला सगळ्यात कामाचा रूल म्हणजे मार्कचा. मार्क हा पॅकेटला कर्नलच्या आतच चिकटवलेला नुसता आकडा, वायरवर तो कधीच जात नाही.

मग मार्क लावायचा कोणी, तर फायरवॉलने. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ओनर नावाचं मॉड्यूल होतं, पॅकेट कुठल्या यूजरचं, कुठल्या प्रोसेसचं, अगदी कुठल्या सेशनचं हे बघून रूल लिहिता यायचा. म्हणजे दोन खात्यांची गाठ पडलीच होती की! पण त्यातलं प्रोसेस आणि सेशन शोधायचं काम एकापेक्षा जास्त सीपीयूच्या मशीनवर धड चालायचं नाही, शेवटी तो भाग काढूनच टाकला. यूजरवालं राहिलं. म्हणून मग टॉरंटसाठी वेगळा यूजर काढायचा जुगाड लोकांनी सुरू केला, आणि खरं सांगायचं तर आजही तो सगळ्यात कमी त्रासाचा आहे. अँड्रॉइडचंही तेच, तिथे जवळपास प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा यूजर आयडी असतोच.

खरा बदल झाला सीग्रुपने. २००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी 'प्रोसेस कंटेनर' नावाने हे काम सुरू केलं, पुढे नाव बदलून कंट्रोल ग्रुप, थोडक्यात सीग्रुप, झालं आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये ते आलं. जुन्या प्रोसेस ग्रुपमधून कोणीही सेटसिड (नवं सेशन काढणारा कॉल) मारून सटकू शकतो, डीमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम, तर सवयीनेच सटकतात, पण सीग्रुपमध्ये जन्मलेलं पोर तिथेच राहतं, परवानगीशिवाय बाहेर पडता येत नाही. मूळ हेतू सीपीयू, मेमरी वाटून द्यायचा. २.६.२९ मध्ये नेट-सीएलएस हा सीग्रुपचा भाग आला, तो ग्रुपच्या पॅकेटना क्लासचा नंबर द्यायचा, तोही ट्रॅफिक शेपिंगसाठी, म्हणजे कोणाला किती वेग ते ठरवायला, आणि तोच नंबर फायरवॉलला वाचता यायला २०१४ चं ३.१४ उजाडावं लागलं. मग २०१६ मध्ये ४.५ बरोबर तेजुन हिओ यांचं सीग्रुप व्ही२ पक्कं झालं, त्यात नेट-सीएलएसला जागाच नाही, पण फायरवॉलला थेट ग्रुपचा पाथ देता येतो, म्हणजे त्या ग्रुपच्या पॅकेटनाच मार्क लावता येतो. (नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे प्रोसेसला स्वतःचं वेगळंच नेटवर्क देणं, हा दुसरा रस्ता आहे, प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारा डॉकर तोच वापरतो, पण एका ब्राउझरसाठी एवढा संसार कोण मांडणार.)

या उशिरा झालेल्या ओळखीच्या खुणा अजून दिसतात. प्रोग्रॅमने कनेक्शन जोडायला घेतलं तेव्हाच वाट एकदा ठरलेली असते आणि सोर्स अ‍ॅड्रेसही घेतलेला असतो, फायरवॉल मार्क लावते ती त्यानंतर, मग कर्नल वाट परत शोधतो पण सोर्स अ‍ॅड्रेस जुनाच राहतो. म्हणजे पॅकेट निघतं वायफायने आणि त्याच्यावर पत्ता व्हीपीएनचा! म्हणून मास्करेड, म्हणजे बाहेर पडताना पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणारा फायरवॉलचा रूल, लावावंच लागतं. मी ते लावलं तरी ब्राउझर नुसता फिरत बसला, टीसीपीडंपमध्ये (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) उत्तरं येताना ढळढळीत दिसत होती. आरपी-फिल्टर, म्हणजे पॅकेट योग्य वाटेनेच आलंय ना हे बघणारी कर्नलची तपासणी, १ वर (कडक) होतं, त्याच्या हिशोबाने त्या सर्व्हरची वाट व्हीपीएनकडे, मग वायफायवरून आलेलं उत्तर खोटंच, दिलं टाकून. १ चे २ (सैल) केले आणि पेज उघडलं.