उणे सात की सत्तर टक्के?

एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, सामन्याआधी स्कोअर दाखवणारे एखादे ॲप उघडले की आपल्या संघाच्या नावापुढे दोन आकडे दिसतात. समजा, एक -7 आणि दुसरा 70 टक्के. न्यू जर्सीत राहणारा असो की पुण्यात रात्री साडेदहाला सामना लावून बसणारा, या खेळाकडे नव्याने वळलेला मराठी प्रेक्षक बहुधा दोन्हींचा एकच अर्थ काढतो: आज आपण आरामात जिंकणार. मग संघ 24-23 असा रडतखडत जिंकला तरी त्याला फसवल्यासारखे वाटते, आणि हरला तर विचारूच नका.

-7 हा स्प्रेड. तो बुकींच्या दुनियेतून आला आहे. बलवान संघावर पैसे लावले असतील तर त्याने सातापेक्षा जास्त गुणांनी जिंकले पाहिजे. बरोबर सातने जिंकला तर पैसे परत. तीनने जिंकला तर संघाचा विजय, पैसे लावणाऱ्याची हार. म्हणजे हा आकडा ‘किती फरकाने’ याबद्दल बोलतो. 70 टक्के ही नुसती जिंकण्याची शक्यता. तिला फरकाशी काही देणेघेणे नाही. एका गुणाने जिंका की चाळीस गुणांनी, तिच्या लेखी दोन्ही सारखेच. पावसाची शक्यता 70 टक्के आहे असे ऐकून कोणी 70 मिलिमीटर पाऊस पडेल असे समजत नाही. फुटबॉलच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

दोन्ही आकडे एकमेकांपासून अगदीच सुटे नाहीत. त्यांना जोडतो तो या खेळातला लहरीपणा, आणि तो मोजलेला आहे. हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञाने 1980च्या दशकातले एनएफएलचे सामने घेऊन स्प्रेड आणि प्रत्यक्ष निकाल यांतले अंतर तपासले आणि 1991 साली त्यावर लेख लिहिला. सरासरीने पाहिले तर स्प्रेड जवळजवळ अचूक निघाला. पण एकेका सामन्यातले प्रमाण विचलन, म्हणजे निकाल स्प्रेडपासून साधारण किती भरकटतो त्याचे माप, 14 गुणांच्या जरासे आत होते. 14 गुण म्हणजे दोन टचडाउन, म्हणजे दोनदा चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेणे! याचा अर्थ -7 असलेल्या संघाचे साधारण तीनपैकी दोन सामने ‘7 गुणांनी हार’ ते ‘21 गुणांनी जीत’ या भल्यामोठ्या पट्ट्यात कुठेतरी संपतात, आणि तिसरा त्याच्याही बाहेर. सात हा या पट्ट्याचा फक्त मध्य आहे.

हाच हिशेब पुढे नेला की टक्केवारी मिळते. तीन गुणांच्या स्प्रेडला जिंकण्याची शक्यता 58-59 टक्के, सातला 69-70, दहाला 76 च्या आसपास, चौदाला 84. मला यातला दहाचा आकडा सगळ्यांत बोधक वाटतो. दहा गुणांचा फेव्हरिट म्हटले की चाहता बेफिकीर होतो, आणि तो संघ चारांतला जवळजवळ एक सामना हरतो.

3 फेब्रुवारी 2008 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, याच चष्म्यातून पाहा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स 18-0, एकही सामना न हरता आलेले. न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध ते सुमारे 12 गुणांनी फेव्हरिट. जायंट्स 17-14 असे जिंकले आणि आजही लोक त्याला चमत्कार म्हणतात. 12 गुणांचा स्प्रेड टक्क्यांत मांडला तर तो 80-81 होतो. पाचांत एकदा घडणाऱ्या गोष्टीला चमत्कार म्हणणे जरा जास्तच झाले. शिवाय त्याआधी पाचच आठवड्यांपूर्वी, 29 डिसेंबर 2007 ला, याच दोन संघांत सामना झाला होता आणि पेट्रियट्सना तो कसाबसा 38-35 असा काढावा लागला होता. खरा धक्का पाहायचा तर जानेवारी 1969 च्या सुपर बोलचा. न्यू यॉर्क जेट्स सुमारे 18 गुणांनी दुबळे समजले गेलेले, त्यांच्या जो नेमथ या खेळाडूने आधीच विजयाची हमी देऊन टाकलेली, आणि त्यांनी बाल्टिमोर कोल्ट्सना 16-7 असे हरवले. तोही हिशेबाने दहांत एकदा घडावा असा.

आता स्प्रेड आणि टक्केवारी यांची खरी फारकत होते ती जागा. फुटबॉलमध्ये गुण एकेकाने वाढत नाहीत. फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याचे) 3, टचडाउन आणि त्यानंतरची किक मिळून बहुधा 7. त्यामुळे विजयाचा फरकही ठरावीक आकड्यांवर साचतो. साधारण सातातला एक सामना बरोबर 3 गुणांनी सुटतो, त्याखालोखाल 7 चा नंबर. स्प्रेड अडीचवरून साडेतीनवर गेला तर पैसे लावणाऱ्यांत धावपळ उडते, कारण मधला 3 ओलांडला गेला. जिंकण्याची शक्यता तेवढ्याने दोन-तीन टक्के हलते, बस. साध्या चाहत्याने त्यावर झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

आणि खेळाडू? त्यांच्या डोक्यात फक्त दुसरा आकडा असतो. 28 ऑक्टोबर 2018, लॉस एंजेलिस. तिथला रॅम्स संघ 29-27 ने ग्रीन बे संघाच्या पुढे, घड्याळात मिनिटभर उरलेले. रॅम्सचा टॉड गर्ली चेंडू घेऊन पळाला, समोर मैदान मोकळे, टचडाउन हातात आलेले, आणि हा पठ्ठ्या गोलरेषेच्या थोडा अलीकडे आपणहून थांबला. गुण घेतले असते तर चेंडू पुन्हा ग्रीन बेच्या हाती गेला असता. थांबल्यामुळे वेळ संपवून सामना खिशात घालता आला. रॅम्सचा स्प्रेड सातापेक्षा जास्त होता. त्यांच्यावर पैसे लावलेल्यांनी त्या रात्री गर्लीला काय काय म्हटले असेल ते सांगायला नको. जिंकण्याच्या शक्यतेच्या दृष्टीने ती चाल निर्दोष होती.

आणखी एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. दोन सामन्यांत स्प्रेड सारखाच, समजा 3, पण एकात दोन्ही संघांचे मिळून 37 गुण होतील असा अंदाज आहे आणि दुसऱ्यात 54. वारा सुटलेला, दोन्हीकडे कडक बचाव, अशा पहिल्या सामन्यात तीन गुण फार वजनदार ठरतात. धो धो गुण होणाऱ्या दुसऱ्यात तेच तीन वाहून जातात. म्हणून कमी गुणांच्या सामन्यातल्या फेव्हरिटची जिंकण्याची शक्यता थोडी जास्त असते. घरच्या मैदानाचा फायदा मात्र वेगळा जोडू नका, तो दोन्ही आकड्यांत आधीच धरलेला असतो. (पूर्वी त्याचे सरसकट 3 गुण मोजत, अलीकडे त्याहून कमी मोजतात.)

आकडे पाहायचेच असतील तर सुरुवातीच्या दीड तास आधी पाहा. त्या वेळी कोणते खेळाडू आज उतरणार नाहीत त्याची यादी जाहीर होते. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, बाद झाला असेल तर मंगळवारी पाहिलेला स्प्रेड रद्दी समजावा.

एक गैरसमज उलट्या बाजूचाही आहे: स्प्रेड लहान म्हणजे सामना चुरशीचा. 2 फेब्रुवारी 2014 ला न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर डेन्व्हर ब्राँकोज सिअ‍ॅटल सीहॉक्सविरुद्ध दोन-अडीच गुणांनी फेव्हरिट होते. जवळजवळ नाणेफेकच म्हणा ना. भारतात सोमवारी पहाटे पाचचा गजर लावून उठावे असा सामना. ब्राँकोजच्या पहिल्याच स्नॅपला, म्हणजे खेळ सुरू करायला चेंडू मागे देताना, तो त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या डोक्यावरून मागे गेला, 12 सेकंदांत सीहॉक्सला सेफ्टीचे (समोरचा संघ स्वतःच्याच गोलरेषेमागे अडकल्याचे) 2 गुण मिळाले, आणि शेवटी फलक होता सीहॉक्स 43, ब्राँकोज 8.