बारा राशी, बारा सूर आणि उसाचे डोळे

कोल्हापुरात वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव असतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येत गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. ढग आले किंवा वाटेत एखादी इमारत आडवी आली, तर पोहोचत नाहीत. या तारखा पंचांगातून नव्हे तर इंग्रजी दिनदर्शिकेतून का सांगतात, हे पाहायचे तर २१-२२ डिसेंबर हा उत्तरायणारंभाचा दिवस मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना दिवस मोजावेत. १० नोव्हेंबर त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी सुमारे ४२ दिवस नंतर. दक्षिणेकडे जाताना सूर्य क्षितिजावरील ज्या बिंदूवर मावळतो, त्याच बिंदूवर तो परतीच्या वाटेवरही मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर हा बिंदू पश्चिमेपासून दक्षिणेकडे साधारण १८ अंशांवर येतो.

आता हेच दोन दिवस पंचांगात पाहावेत. १० नोव्हेंबरला सूर्य तूळ राशीत असतो आणि १ फेब्रुवारीला मकर राशीत. तूळ आणि मकर यांचे स्वामी वेगळे, तत्त्वे वेगळी आणि सांगितली जाणारी फळेही वेगळी. गाभाऱ्यातील प्रकाश मात्र तोच. आकाशात खरोखर असलेला आकडा आणि मोजणाऱ्याने आपल्या सोयीसाठी आकाशावर ठेवलेला आकडा यांतील अंतर याहून स्पष्ट दिसण्याचे उदाहरण मला सापडलेले नाही.

राशी बारा आणि नक्षत्रे सत्तावीस असण्याला कारण आहे, आणि ते चांगले कारण आहे. चंद्राला ताऱ्यांच्या संदर्भात एक फेरी पुरी करायला २७.३२ दिवस लागतात, म्हणून रोज रात्री चंद्राला मुक्कामासाठी एक याप्रमाणे सत्तावीस घरे. पौर्णिमा मात्र सरासरी २९.५३ दिवसांनी येते आणि वर्षात अशा बारा पौर्णिमा बसतात, म्हणून सूर्याच्या वाटेचे भाग बारा. दोन्ही ठिकाणी अपूर्णांक उरतो आणि तो कुठेतरी जिरवावाच लागतो. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस आणि थोडे वर. सौर वर्षाशी पडणारी सुमारे अकरा दिवसांची तूट साठत जाते, आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून ती भरून काढतात. सत्तावीस नक्षत्रांना चार-चार चरण दिले की १०८ होतात, बारा राशींना नऊ-नऊ नवमांश दिले तरी १०८ होतात, आणि जपमाळेतही मणी १०८ असतात. या जुळण्यात गूढ काही नाही. एकाच वर्तुळाचे दोन प्रकारे भाग पाडले, तर दोन्ही वाटण्या जिथे एकत्र येतील असा आकडा निवडणे हे कुशल हिशेबनिसाचे काम आहे.

वारांचा क्रम हा तर शुद्ध हिशेबच आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी आणि ताऱ्यांमधून सरकणारी सात ज्योती वेगानुसार लावली, सर्वांत मंद आधी, तर शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम येतो. दिवसाच्या चोवीस होरा, म्हणजे तास, याच क्रमाने एकेकाला वाटून द्याव्यात आणि पहिली होरा ज्याची, त्याचे नाव दिवसाला द्यावे. चोवीसला सातने भागले की बाकी तीन उरते, म्हणून दर दिवशी तीन घरे पुढे जायचे: शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. शनिवारनंतर रविवार का येतो याचे उत्तर एका भागाकारात आहे, आणि दिवसाचे चोवीसऐवजी वीस भाग पाडण्याची रूढी असती तर वारांचा क्रम वेगळाच लागला असता.

गाडीसाठी एमएच ०९ पुढचा क्रमांक बेरीज नऊ येईल असा निवडणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात उरकता येते. अंकांची बेरीज ही संख्येचा गुण नाही, ती दहाच्या पायावर लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचा गुण आहे. सत्तावीसची बेरीज नऊ येते. आपल्या दोन्ही हातांना मिळून आठच बोटे असती आणि आपण आठाच्या पायावर लिहीत असतो, तर हीच संख्या ३३ अशी लिहिली गेली असती आणि बेरीज सहा आली असती.

संगीताकडे वळले की आकड्यांचा स्वभाव पालटतो. कोल्हापूरला गाणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेले अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) बरीच वर्षे याच गावात राहिले आणि गायन समाज देवल क्लब १८८३ पासून उभा आहे. शेजारच्या मिरजेत तानपुरे बनतात. असा एखादा तानपुरा मांडीवर घ्यावा, काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास जोडीच्या, म्हणजे सा च्या मधल्या दोन, तारा लावाव्यात आणि फक्त खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, पितळी तार छेडून कान द्यावा. जोड सेकंदाला १४० कंपनांवर असेल तर खर्ज ७० वर येतो. ही तार एकच असली तरी ती पूर्ण लांबीने, अर्ध्या-अर्ध्याने, तीन, चार आणि पाच भागांनीही एकाच वेळी कंप पावते, आणि हवेत ७० बरोबर १४०, २१०, २८० आणि ३५० अशीही कंपने उठतात. २१० म्हणजे १४० ची दीडपट, म्हणजे पंचम. ३५० म्हणजे २८० ची सव्वापट, म्हणजे शुद्ध गांधार. कोणीही न लावलेला हा स्वयंभू गांधार नीट मिळालेल्या तानपुऱ्यातून स्पष्ट ऐकू येतो.

त्यासाठी जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातली झळाळी, खुलावी लागते. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या आधाराचा, माथा सपाट नसून किंचित उतरता असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा घातलेला असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की बोदा आवाज एकदम झळाळून उठतो, कारण तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि वरच्या कंपनांना जागे करते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याचा अभ्यास मांडला. तार जिथे छेडावी, तिथे ज्या कंपनांचा स्थिर बिंदू पडतो ती कंपने उठू नयेत असा नियम आहे. तानपुऱ्यात ती उठतात, आणि रामन यांनी याचे श्रेय घोडीच्या घडणीला दिले.

दीडपट, सव्वापट, दुप्पट ही नाती कोणत्याही एककावर अवलंबून नाहीत. तार इंचांत मोजा किंवा सेंटीमीटरमध्ये, मिरजेत मोजा किंवा मंगळावर, पंचम दीडपटच राहतो. मग सप्तकात सूर बारा का? सा पासून पंचमाची उडी मारली की प येतो, प पासून पुन्हा तशीच उडी घेतली की रे, मग ध, मग ग. सा धरून हे पाच सूर एका सप्तकात आणून बसवले की भूप हाती येतो. उड्या चालू ठेवल्या तर बाराव्या उडीला आपण जवळजवळ सा वर परततो. हे ‘जवळजवळ’ महत्त्वाचे आहे: दीड स्वतःशी बारा वेळा गुणला तर १२९.७५ येतात, आणि सात सप्तके वर जाणे म्हणजे १२८ पट. ही फट दीड टक्क्याहून कमी असली, तरी अर्ध्या सुराच्या जवळपास पाव हिश्श्याइतकी असल्याने कानाला जाणवते. दीडाच्या कोणत्याही घाताला दोनाचा घात बरोबर भेटणे शक्यच नाही, कारण एकीकडे तीनाचा घटक कायम उरतो. त्रेपन्न उड्यांनी फट फारच बारीक होते, पण त्रेपन्न पट्ट्यांची पेटी वाजवणार कोण?

ही फट बारा घरांत सारखी वाटून टाकण्याचा तोडगा म्हणजे पेटी. तिच्यात पंचम दीडपटीच्या अगदी जवळ राहतो, पण गांधार १.२५ ऐवजी १.२६ पट होतो. वरच्याच तानपुऱ्यासोबत पेटीचा गांधार दाबून धरला तर ३५० आणि सुमारे ३५२.८ ही कंपने एकमेकांवर आदळतात आणि सूर सेकंदाला जवळपास तीन वेळा लहरतो. आकाशवाणीवर १९४० पासून तीन दशके पेटीला मज्जाव होता. त्यामागे इतरही कारणे होती, पण कानाची ही तक्रार खोटी नव्हती.

तेव्हा बारा राशी आणि बारा सूर यांचे नाते जोडणाऱ्यांना एवढेच सांगता येते की, दोन्हीकडचा बारा हा न जमणाऱ्या भागाकाराला दिलेला सोयीचा पूर्णांक आहे. भागाकार मात्र वेगवेगळे आहेत: एक चंद्र-सूर्याचा, दुसरा दोन आणि तीन यांचा.

निसर्गातील आकड्यांबद्दल बोलताना सूर्यफूल हटकून येते. त्याच्या बियांच्या वळ्या मोजल्या तर एका दिशेला बहुधा ३४ आणि दुसऱ्या दिशेला ५५ भरतात. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ ही मालिका युरोपात १२०२ मध्ये फिबोनाचीने मांडली, पण त्याआधीच आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांना ती छंदशास्त्रात भेटली होती. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या, तर चार मात्रांची ओळ पाच प्रकारे आणि पाच मात्रांची आठ प्रकारे रचता येते. झाडाला अर्थातच बेरीज येत नाही. शेंड्यावर नवा अंकुर जिथे सर्वांत जास्त जागा मिळेल तिथे फुटतो आणि लगतच्या दोन अंकुरांतील कोन १३७.५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. १९९२ मध्ये दुआदी आणि कूडे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकमेकांना दूर ढकलणारे चुंबकीय द्रवाचे थेंब तबकडीवर सोडून अशाच वळ्या निर्जीव वस्तूंतून घडवून दाखवल्या.

तरीही प्रत्येक फुलात ही मालिका शोधू नये. जास्वंदीला पाच पाकळ्या असतात, पण मोहरीला चार आणि अंगणातल्या एक्झोऱ्यालाही चारच. आणि कोल्हापूरच्या शिवारात सूर्यफुलाहून कितीतरी पटींनी जो उभा असतो, त्या उसाने तर हा १३७.५ चा कोन घेतलेलाच नाही. त्याचे प्रत्येक पान आधीच्या पानाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, १८० अंशांवर येते, त्यामुळे पानांच्या दोनच ओळी होतात आणि पेरावरचे डोळेही, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागाही, आळीपाळीने समोरासमोर बसतात. म्हणूनच लावण करताना दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे उसाचा तोडलेला तुकडा, सरीत अशी ठेवतात की दोन्ही डोळे बाजूंना यावेत. टिपरी पालथी पडली तर एक डोळा वर आणि दुसरा मातीखाली जातो, आणि खालच्या कोंबाला वळसा घालून वर यायला उशीर लागतो.