तेराशे उष्मांकांचे गणित: छळछावणीत भूक कशी मारत असे

नाझी जर्मनीने व्याप्त पोलंडमध्ये उभारलेल्या आउश्वित्झ छळछावणीतल्या कैद्याला सकाळी मिळे अर्धा लिटर 'कॉफी' किंवा झाडपाल्याचा काढा, बिनसाखरेचा. दुपारी पाऊण-एक लिटर सूप: सलगमाच्या जातीचा कंद, थोडे बटाटे, भरड धान्य, राईचे पीठ. संध्याकाळी सुमारे ३०० ग्रॅम काळा पाव आणि त्याबरोबर २५ ग्रॅम सॉसेज, नाहीतर थोडे मार्जरीन किंवा चमचाभर जाम. दुसऱ्या दिवशीची न्याहारीही याच पावातून भागवायची. पण पाव उशाशी ठेवला तर रात्रीतून चोरीला जाई, म्हणून बहुतेक जण तो हातात पडताच संपवत. सूपच्या पिंपात बटाटा तळाशी बसे आणि वर नुसते पाणी राही. वाढणाऱ्याने डाव किती खोल घातला, यावर त्या दिवसाचे पोषण ठरे. जवळचे वाडगे हरवले, तर तेवढेही नाही.

या सगळ्याचे मोल होते हलक्या कामाच्या कैद्याला सुमारे १३०० उष्मांक आणि जड काम करणाऱ्याला सुमारे १७००. मार्च १९४२ च्या हुकमाने कामाचा दिवस किमान ११ तासांचा झाला. खंदक खणणे, दगड-विटा वाहणे अशा कामाला दिवसाला साडेतीन-चार हजार उष्मांक तरी लागतात. उरलेली तूट शरीर स्वतःलाच जाळून भरून काढते.

ते कसे, हे शरीरशास्त्राने तपशीलवार दाखवले आहे. यकृतातील साखरेचा साठा एका दिवसात संपतो. मग चरबी वितळू लागते आणि त्याबरोबरच स्नायू झिजतात. हृदय हाही स्नायूच. तोही आकसतो, नाडी मंदावते, रक्तदाब आणि शरीराचे तापमान उतरते. आतड्याचे अस्तर पातळ होते, त्यामुळे पोटात गेलेले अन्नही नीट शोषले जात नाही आणि हगवण लागते. पावलांवर आणि घोट्यांवर सूज चढते, बोट दाबले की खड्डा तसाच राहतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४५ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे सुमारे १५७० उष्मांकांवर ठेवले होते. त्यांचे वजन जवळजवळ चौथाईने घटले, थंडी सोसवेना, मन अन्नाखेरीज कशात रमेना. आणि त्यांना उबदार खोली होती, स्वच्छ पाणी होते, डॉक्टर होते.

छावणीत यातले काहीच नव्हते. म्हणून केवळ उष्मांक मोजून तिथले मरण समजत नाही. एक गरज नाकारली की ती दुसरीचा घात करी. आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाउच्या लाकडी बराकी मुळात ५२ घोड्यांच्या तबेल्याच्या आराखड्याच्या. त्यांत चारशेहून अधिक माणसे कोंबत. एका फळीवर अनेक जण दाटीने झोपत. शौचालयात सकाळी आणि संध्याकाळीच जाता येई. पातळ सूपमुळे रात्री वारंवार लघवीला लागे, त्यामुळे झोप मोडे. हगवण लागलेल्याला तर सुटकाच नव्हती. छावणीचे पाणी पिण्यालायक नव्हते, आणि तहानलेला माणूस तेच पिई. अंगातले कपडे कित्येक आठवडे बदलत नसत, त्यामुळे उवा माजत. टायफस या तापाचे जंतू उवेच्या विष्ठेत असतात आणि खाजवलेल्या जखमेतून रक्तात शिरतात. ताप चढलेले अंग सोडून ऊ शेजारच्याकडे सरकते, आणि शेजारी हातभरही दूर नसे. लाकडी तळाच्या बेमाप जोड्यांनी पाय सोलत. भुकेल्या शरीरात जखम भरत नाही, पू धरतो. मग माणूस लंगडतो, मागे पडतो आणि मार खातो.

ज्यू कैद्यांची स्थिती यातही वेगळी होती. आउश्वित्झला आणलेल्या सुमारे ११ लाख ज्यूंपैकी बहुतेकांना आल्याआल्याच विषारी वायूने मारले. सुमारे दोन लाखांचीच कैदी म्हणून नोंद झाली. १९४२ च्या उत्तरार्धापासून इतर अनेक कैद्यांना घरून अन्नाची पार्सले मागवता येऊ लागली. ज्यूंना आणि सोव्हिएत युद्धकैद्यांना ती मुभा नव्हती. पार्सलातल्या चरबीच्या एका तुकड्याने कित्येकांचा जीव तगला असेल. खंगलेला ज्यू कैदी दवाखान्यात गेला, तर 'निवडी'त, म्हणजे कामाला निरुपयोगी ठरलेल्यांना बाजूला काढण्याच्या तपासणीत, त्याची रवानगी वायुकक्षाकडे होण्याची भीती. म्हणजे भूक ही शिक्षाही होती आणि मारण्यासाठी माणसे निवडण्याची चाळणीही.

१५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बेर्गन-बेल्झन छळछावणीत शिरले, तेव्हा तिथे सुमारे ६० हजार माणसे होती. त्यानंतरही १३ हजारांहून अधिक दगावली. टायफस, हगवण, क्षय ही कारणे होतीच, पण सैनिकांनी कळवळून दिलेले डबाबंद मांस आणि स्निग्ध रस्सेही अनेकांना सोसले नाहीत. दीर्घ उपासमारीत पेशींतला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा रिता होतो. एकदम भरपेट अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते, रक्तात उरलेसुरले हे क्षार पेशींत ओढले जातात आणि आकसलेले हृदय कोलमडते.

मग डॉक्टरांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले मिश्रण करून पाहिले: दूध पावडर, पीठ, साखर, मीठ आणि पाणी. ते इतके गोड होते की पुष्कळांच्या घशाखाली उतरेना. शिरेतून प्रथिनद्रव्य देण्याचाही प्रयत्न झाला, पण सुई दिसताच रुग्ण भीतीने किंचाळत; छावण्यांत हृदयात फिनॉल हे विषारी रसायन टोचून माणसे मारलेली होती. ब्रिटनहून आलेल्या डॉक्टर जॅनेट व्हॉन यांनी अखेर साधा निष्कर्ष काढला: गिळता येत असेल त्याला साय काढलेले दूध तोंडावाटे, थोडेथोडे, वारंवार द्यावे. त्यासाठी सगळ्यांत जास्त हवी होती ती चमचा धरून शेजारी बसणारी माणसे. लंडनहून आलेल्या नव्वदहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांना बराकी वाटून दिल्या, आणि ते एकेका फळीपाशी जाऊन दूध भरवू लागले.